सुट्टीत सगळे जमले की तिसऱ्या दिवशी पोरं आजारी आणि चौथ्या दिवशी मोठ्यांची तोंडं वाकडी, यंदा काय करू?

झोपेची_उधारी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, मोठा होणार आहे त्याबद्दल आधीच सॉरी.

दरवर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे सासरी जमतो. दोन दीर, एक नणंद, सगळ्यांची मुलं, सासू-सासरे, एकूण १४ माणसं, त्यात ६ पोरं, झोपायला तीन खोल्या. मला तिथे जायला आवडतं हे आधीच सांगते नाहीतर लोक त्यावरच सुरू होतील. मुलं वर्षभर वाट बघतात. पण गेली तीन वर्षं अगदी घड्याळ लावल्यासारखं होतंय, तिसऱ्या दिवशी एक पोर शिंकतं, पाचव्या दिवसापर्यंत चौघं आडवी, आणि मग सुरू होतं की हे आणलं कुणी.

गेल्या वर्षी माझा मुलगा (आता साडेपाचचा आहे) तिसऱ्या रात्री तापला. रात्रीचे दोन वाजलेले, सगळे दाटीवाटीने झोपलेले, मी मोबाईलच्या टॉर्चमध्ये औषध शोधतेय. कपाटात तापाच्या दोन बाटल्या, एक नणंदेच्या मुलीची, एक दिराच्या मुलाची, दोन्हीची लेबलं औषध ओघळून काळी चिकट झालेली, काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं, मापाचं टोपण एकीलाही नाही. शेवटी चहाच्या चमच्याने अंदाजपंचे दिलं आणि जास्त तर नाही ना झालं या भीतीने उजाडेपर्यंत त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "काल टोपी न घालता हुंदडत होता, म्हटलं होतं मी." मी रात्रभर जागी, पटकन बोलून गेले की टोपीचं काय घेऊन बसलात, ताईंची मुलगी आली तेव्हाच तिचं नाक गळत होतं. झालं. नणंद उठून आत गेली. नवरा पेपरात तोंड घालून. आम्ही दोन दिवस आधी निघालो आणि पुढचे सहा महिने "हं" आणि "बरं" याच्यापुढे बोलणं गेलं नाही.

यंदा धाकटीही बरोबर आहे, तेव्हा १० महिन्यांची असेल. सगळे तिचे पापे घ्यायला टपलेत, आत्तापासूनच व्हिडिओ कॉलवर स्क्रीनचे पापे घेतात. जायला पाच आठवडे आहेत, ९ दिवस राहायचंय. मुलं आजारी पडू नयेत म्हणून खरंच काही करता येतं का की हे चालायचंच? बाळाला हात लावू नका हे न दुखावता कसं सांगायचं? आणि पुन्हा तो "कुणी आणलं" वाला सीन झाला तर मी काय करू, कारण माझं तोंड मला माहीत आहे.

वाचनमात्र

घरोघरी मातीच्या चुली. आमच्याकडे टोपीऐवजी मोजे असतात एवढाच फरक. उत्तरं वाचायला बसलोय.

रात्रपाळी

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, १७ वर्षं झाली. सुट्ट्या संपल्या की आमच्याकडे काय गर्दी होते ते विचारू नका. थोडं सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या "तिसऱ्या दिवशी" बद्दल. सर्दीचा व्हायरस अंगात शिरल्यापासून नाक गळायला लागेपर्यंत साधारण १ ते ३ दिवस जातात, फ्लूचं १ ते ४ दिवस. म्हणजे तिसऱ्या दिवशी तापलेल्या पोराने ते आजीच्या घरी पहिल्या दिवशी घेतलं असेल, किंवा गाडीत, किंवा निघायच्या आदल्या दिवशी शाळेत. आणि फ्लू तर लक्षणं दिसायच्या आधी साधारण एक दिवसापासूनच पसरायला लागतो, म्हणजे ज्या मुलाने दिला ते मूल तेव्हा ठणठणीत दिसत असू शकतं. तेव्हा कुणी आणलं हे तुम्हालाच काय, आम्हालाही सांगता येत नाही. तुमच्या नणंदेच्या मुलीने दिलं नसेलही, उलट तुमच्या मुलाकडूनच बाकीच्यांना गेलं असेल. राग मानू नका हां.

टोपीचं म्हणाल तर थंडीने सर्दी होत नाही, व्हायरसने होते. पण सासूबाई अगदीच चूक नाहीत, थंडीच्या दिवसांतच हे वाढतं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. थंड कोरड्या हवेत फ्लूचा व्हायरस जास्त टिकतो, आणि आपण काय करतो तर दारं-खिडक्या गच्च लावून १४ जण एका खोलीत बसतो. म्हणून टोपी घाला, वाद घालू नका, पण दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. मुलांना बाहेर खेळू द्या, बाहेर मोकळ्या हवेत आजार कमी पसरतो, आत कोंडल्यावर जास्त.

आता लस. फ्लूची लस ६ महिन्यांनंतर देता येते, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांना चालेल. ८ वर्षांपर्यंतच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर ४ आठवड्यांच्या अंतराने २ डोस लागतात, आणि अंगात ताकद तयार व्हायला पुढे दोनेक आठवडे. तुमच्याकडे ५ आठवडे आहेत, म्हणजे दुसरा डोस निघायच्या जेमतेम आधी पडेल, पूर्ण उपयोग सुट्टी संपता संपता होईल. तरी घ्या, फ्लू काय सुट्टीचं कॅलेंडर बघून येत नाही. तुम्ही आणि नवऱ्यानेही घ्या, मोठ्यांना एकच डोस असतो, सासू-सासऱ्यांना तर जास्तच गरज. सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारून, त्यांना बाळाचा आधीचा इतिहास माहीत असतो.

आणि एवढं करूनही सर्दी होणार. सहा वर्षांच्या आतल्या पोराला वर्षाला ६-८ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे, त्यातली बरीचशी थंडीतच. ७ ते १० दिवसांत ती जाते, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक मागायला धावू नका, व्हायरसला ते लागूच पडत नाही.

बाळाबद्दल रात्री लिहिते, ड्युटीची वेळ झाली.

दोन_टोकांचा_बाप

औषधाच्या बाटलीवरून माझा अनुभव सांगतो कारण त्या चहाच्या चमच्याने अंगावर काटा आला. आमच्याकडे माझ्या भावाने बाळाचे ड्रॉप्स समजून सिरप दिलं होतं, नशीब उलटं नव्हतं. पॅरासिटामॉलच्या काही ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. म्हणजे सिरपच्या मापाने कुणी ड्रॉप्स पाजले तर दुप्पट ते चौपट औषध पोटात. डोस वयावर नाही, वजनावर असतो हेही मला तेव्हाच कळलं.

तेव्हापासून मी निघायच्या आधी दोघांचं वजन करतो, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतो की या बाटलीचं, एवढे मिली, इतक्या तासांनी, दिवसातून जास्तीत जास्त इतक्या वेळा. तो कागद पोचल्या पोचल्या फ्रीजच्या दारावर. प्रत्येक वेळी दिलं की पेनाने वेळ टाकायची, कारण आजी आठ वाजता देते, आई साडेआठला देते, दोघींनाही वाटतं आपणच पहिल्या. सर्दीची काही औषधं पण अशी असतात की त्यात तापाचं औषध आधीच असतं, ते आणि हे मिळून डबल होतं, हे बघा. मापायला सुई नसलेली सिरिंज, दोन न्या, एक हरवतेच. आणि मुलांना तापात ॲस्पिरिन अजिबात नाही, घरातल्या मोठ्यांच्या डब्यात ते हमखास असतं.

डब्यावरून आठवलं, पाहुण्यांच्या पर्सेस. माझ्या काकूंची पर्स सोफ्यावर उघडी आणि माझी तीन वर्षांची त्यातून बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढून "चॉकलेट" म्हणत बसलेली. गेल्या गेल्या सगळ्यांच्या गोळ्या एका डब्यात, डबा कपाटावर. म्हाताऱ्यांना थोडा त्रास होतो गोळी मागायला, होऊ दे. दुसरं, नवीन खेळण्यांतल्या आणि म्युझिक वाल्या ग्रीटिंगमधल्या चपट्या गोल बॅटऱ्या. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकतं, तेव्हा शंका जरी आली तरी सकाळची वाट न बघता सरळ हॉस्पिटल. मी जरा घाबरट आहे, पण या दोन गोष्टींत असायलाच हवं.

मोकळं_ढाकळं

आमच्या वेळी असलं काही नव्हतं बुवा. मातीत लोळलो, एकाच भांड्यातलं पाणी दहाजण प्यायलो, कोण आजारी पडलं? आजकालच्या आयांनी मुलांना काचेच्या बरणीत ठेवलंय. नऊ दिवसांच्या सुट्टीला कागद काय नि सिरिंज काय, हे म्हणजे हॉस्पिटल घेऊनच फिरणं झालं.

रात्रपाळी

@मोकळं_ढाकळं दादा, मातीत लोळा, माझा काही विरोध नाही, माझीही लोळतात. पण कोण आजारी पडलं हे एकदा तुमच्या आईला किंवा मावशीला विचारा, प्रत्येक घरात एखादं नाव निघतं जे आता कुणी घेत नाही.

आता बाळाबद्दल. मोठ्यांना जी नुसती सर्दी असते ती बाळाला छातीत उतरू शकते, आरएसव्ही नावाचा एक व्हायरस आहे तो मोठ्यांना दोन शिंका देतो आणि लहान बाळाला ऑक्सिजनवर नेऊ शकतो. १० महिने म्हणजे अगदी नवजात बाळाएवढी भीती नाही, पण पापे नकोच, निदान तोंडाचे आणि हातांचे. हात म्हणतेय कारण ते पाच मिनिटांत तोंडात जातात. पायाचा घ्या म्हणावं, तळव्याचा, बाळालाही गुदगुल्या होतात आणि आत्याही खूश. घेणाऱ्याने आधी हात धुवायचे, साबणाने, २० सेकंद. ज्याला खोकला आहे त्याने लांबूनच.

मध कुणी चाटवत असेल तर १ वर्षाच्या आत अजिबात नाही. मधात एका जंतूचे बीज असू शकतात, त्याने लहान बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन अंग लुळं पडतं. क्वचित होतं पण होतं तेव्हा भयंकर असतं. मोठ्याला मात्र खोकल्यासाठी रात्री झोपताना अर्धा-एक चमचा मध खुशाल द्या, लहान मुलांसाठी खोकल्याच्या सिरपपेक्षा तेच बरं.

बाळाला रात्री किती गुंडाळायचं हा भांडणाचा दुसरा विषय, माहितीये मला. हात-पाय गार लागले म्हणून थंडी वाजतेय असं नसतं, मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून बघा, तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. १ वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उताणं, सुटी पांघरुणं-उशा-सॉफ्ट टॉय काही नाही जवळ, घरात झोपताना टोपीही नको. त्यापेक्षा अंगातच जाड कपडा किंवा झोपायची पिशवी घाला. आणि खोली गरम करायला कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका प्लीज, त्याच्या वायूला वास नसतो, झोपलेली माणसं उठतच नाहीत.

वाफेबद्दलही लिहिते. गेल्या थंडीत एक चार वर्षांचा आला होता, आई टॉवेल डोक्यावर घेऊन त्याला उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरून बसलेली, तो उसळला, पातेलं मांडीवर. सर्दी आठ-दहा दिवसांत गेली असती, मांडीला पुढे दोन महिने ड्रेसिंग चाललं. सर्दीत वाफेने फार काही साधतही नाही. नाक चोंदलं तर साधे मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात ते घाला. कापराचा बाम २ वर्षांच्या आत नाही आणि नाकपुडीत तर कुणाच्याच नाही.

झोपेची_उधारी

अहो किती छान लिहिलंत, माझा नवरा आत्ता शेजारी बसून वाचतोय आणि "शाळेतून आणलं असेल" या वाक्यावर थांबलाय. मीही थांबले खरं तर. वर्षभर मी नणंदेला मनातल्या मनात दोष देत होते.

एक विचारायचं राहिलं, तिथे डॉक्टर अर्ध्या तासावर आहेत. कधी धावायचं आणि कधी घरीच बघायचं हे कसं ठरवायचं? सगळे मिळून १४ मतं असतात हो.

रात्रपाळी

थर्मामीटरपेक्षा मुलाकडे बघा. ताप उतरल्यावर खेळतंय, पाणी पितंय, लघवी करतंय, तर थांबायला हरकत नाही. धावायचं कधी तर श्वास भरभर चालतोय तेव्हा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे भरभर. मोठ्याचं वय यात बसत नसलं तरी फासळ्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर झालेत, बोलताना धाप लागतेय तर मोजत बसूच नका. ६-८ तास लघवी नाही, उठवूनही नीट उठत नाही, सारखं उलटतंय, मान ताठ, आकडी, हेही लगेच. ताप एकदा जाऊन दोन दिवसांनी जोरात परत आला तरी दाखवा. आणि घरात कुणाचं ३ महिन्यांच्या आतलं बाळ येणार असेल तर त्याला १००.४ फॅरेनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस ताप हेच धावायचं कारण, बाकी काही बघायचं नाही.

उलट्या-जुलाबाची साथ घुसली तर सॅनिटायझरवर विसंबू नका, त्या जातीच्या व्हायरसवर ते फार चालत नाही, साबण-पाणीच. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट टाकून, उलटीनंतर दहा मिनिटं थांबून, चमचा चमचा दर दोन-तीन मिनिटांनी. पेलाभर एकदम दिला की परत बाहेर. उलटी थांबल्यावर ४८ तास त्या मुलाला बाकीच्यांपासून जरा लांब ठेवा, म्हणजे यायचंच असेल तर दोन दिवस उशिरा या हे आधीच सगळ्यांनी ठरवून टाकायचं.

साबणआजी

मी सासू आहे, ६४ वर्षांची, नातवाने हे नाव लावून दिलंय, का ते सांगते. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

अगं पोरी, तुझं सगळं वाचलं. तुझी सासू टोपीवरून बोलली ते तुला लागलं, पण मी तुला आमच्या बाजूचं सांगते. वर्षभर घर रिकामं असतं. तुम्ही येणार म्हणून आठ दिवस आधीपासून गाद्या उन्हात घाल, पांघरुणं धू, हे सगळं एकटीने चालतं. मग तुम्ही येता आणि दुसऱ्या दिवशी पोर आजारी पडतं तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो की आपल्या घरी येऊन झालं. टोपी, टोपी म्हणतो ते दुसरं काही सुचत नाही म्हणून गं.

माझ्या सुनेने पहिल्या नातवाच्या वेळी चार पाहुण्यांदेखत बाळ माझ्या हातातून काढून घेतलं आणि माझ्या हातावर सॅनिटायझरचा फवारा मारला. ती चूक नव्हती, मी भाजी निवडून तशीच उठले होते. पण मला जे वाटलं ते वाटलं. दोन वर्षं मी त्या पोराला आपणहून उचललं नाही. तिला वाटायचं आजीला माया नाही.

मग एका वर्षी माझ्या मुलाने, सुनेने नाही हां, मुलाने, यायच्या पंधरा दिवस आधी फोन केला. म्हणाला आई यंदा डॉक्टर म्हणालेत बाळाला जपायचंय, तुझी मदत लागेल, मुलांचे हात धुवून घ्यायचं काम तू घेशील का, तुझंच ऐकतात. मी म्हटलं घेईन की. बेसिनजवळ स्टूल टाकून बसायचे मी. बाहेरून आलं पोर की आधी माझ्याकडे. साबण लावायचा आणि वीस म्हणेपर्यंत चोळायचा, मोठ्याने म्हणायचं, आणि ज्याच्या नखात माती निघेल त्याने परत एकपासून. चौथ्या दिवशी माझे दीर, सत्तरीचे, तसेच जेवायला बसत होते तर पाच वर्षांचा नातू ओरडला, "आजोबा, साबणआजी!" उठले बिचारे. त्या वर्षीही एकाला सर्दी झाली. पण मला कुणी फवारा मारला नाही.

म्हणून सांगते, बोलायचं ते आधी बोला, समोर चारचौघांत नको. आणि नवऱ्याला बोलायला लाव. आईला मुलाने सांगितलं तर काळजी वाटते, सुनेने तेच सांगितलं तर ऑर्डर वाटते. बरोबर नाही हे, पण आहे हे असं आहे.

वाचनमात्र

साबणआजी, दंडवत. हा धागा बायकोला पाठवला, तिने तो आईला पाठवला, आता मला फोन येतोय.

उरलेला_रविवार

आजारपणाचं वर सगळं आलंच आहे, मी दुसऱ्या बाजूने लिहिते कारण माझ्या मते अर्धी आजारपणं आणि अख्खी भांडणं झोप नसल्याने होतात. तुमच्या आयडीतच आहे ते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सुट्टीच्या १० दिवसांत ११ घरी जाऊन आलो. खरंच मोजले मी नंतर. कुणी नाराज नको व्हायला म्हणून. आठव्या दिवशी एका नातेवाइकांकडे माझी लेक, तेव्हा सहाची, दिसेना. शोधलं तर बाथरूममध्ये कडी लावून, दिवा बंद करून, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसलेली. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "इथे कुणी मला काही विचारत नाही." मी बाहेर दाराला टेकून उभी राहिले आणि मलाही आत जाऊन बसावंसं वाटलं.

त्यानंतर आम्ही एक दिवस आड काहीच ठरवत नाही. काहीच म्हणजे काहीच नाही, त्या दिवशी कुणी बोलावलं तर "त्या दिवशी आधीच ठरलंय" असं सांगायचं, खोटं नाही ते. झोपायची वेळ रोजच्यापेक्षा फार तर एक तास पुढे. तुमच्या साडेपाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते, सहा-बारा वर्षांच्यांना ९ ते १२. गावाला गेल्यावर रात्री बारापर्यंत धिंगाणा, सकाळी सातला सगळ्यांबरोबर उठणं, असं तीन दिवस केलं की चौथ्या दिवशी पोर कशानेही रडतं आणि आपण म्हणतो हट्टी झालंय. लहानांसाठी एक खोली साडेनवाला अंधारी, बंद, मोठ्यांचा पत्त्यांचा डाव दुसरीकडे. यावरून आमच्याकडे पहिल्या वर्षी कुरकुर झाली, दुसऱ्या वर्षी जावेनेच तिच्या मुलांना आत ढकललं.

पापे घेणं, मांडीवर बसणं यावरून एक सांगते, ते फक्त बाळाबद्दल नाही. मोठ्या मुलाला पण नको असेल तर नको. "मामाला पापा दे, दे ना, असं काय करतोस" हे बंद केलं आम्ही. हात मिळव, टाळी दे, नाहीतर नुसता हाय कर. आजारपणाचं निमित्त पुढे केलं तर कुणाला काही वाटतही नाही, सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.

आता जरा कडू बोलते. सुट्टी नक्की कुणाची असते? १४ माणसांचं दोन वेळचं जेवण, भांडी, ओले कपडे, त्यात आजारी पोर, हे सगळं तीन बायकांवर असेल तर चौथ्या दिवशी तोंडं वाकडी होणारच, त्याला व्हायरस कशाला हवा. आम्ही जायच्या आधी ग्रुपवर पाळ्या लावतो, रात्रीची भांडी पुरुषांची, सकाळी मुलांना उठवून आवरून बाहेर नेणं पुरुषांचं. पहिल्या दिवशी विनोद झाले, होऊ दिले. आणि शेवटचं, ९ दिवस हे जरा जास्त नाही का वाटत? दोन घास भूक ठेवून उठावं तसं सहाव्या-सातव्या दिवशी निघा, "थांबा ना अजून" असं ऐकत निघणं बरं.

दोन_टोकांचा_बाप

भांड्यांच्या पाळीला अनुमोदन. अनुभवाने सांगतो, भांडी घासताना भावाशी जेवढं बोलणं होतं तेवढं वर्षभरात होत नाही. हात ओले असल्याने फोन धरता येत नाही, तेही असेल.

मोकळं_ढाकळं

@रात्रपाळी, आईला विचारलं. तुम्ही म्हणालात तसं एक नाव निघालं. मला माहीतच नव्हतं. असो. मुलाला उद्या फ्लूच्या लशीला घेऊन जातोय.

झोपेची_उधारी

अपडेट द्यायला आले, धागा वर काढते त्याबद्दल सॉरी.

कालच परत आलो. सात दिवस राहिलो, नऊ नाही. नवऱ्याने आईला आधीच फोन केला होता, पाठ केल्यासारखा बोलला, पण बोलला. आणि मी नणंदेला फोन केला. तीन दिवस फोन हातात घेऊन खाली ठेवत होते. शेवटी म्हटलं ताई, गेल्या वर्षी मी बोलले ते चुकलं, बहुतेक आमच्याच शाळेतून आलं असणार ते. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं मी पण घरी येऊन हिच्यावर ओरडले, तुझ्यामुळे झालं म्हणून." सात वर्षांची आहे हो ती. मला पुढे बोलवेना.

निघायच्या आदल्या दिवशी तिचाच मेसेज, मुलीला रात्री दोन उलट्या झाल्या, आम्ही दोन दिवस उशिरा येतो. एरवी तिने सांगितलंच नसतं, गपचूप औषध देऊन आणलं असतं, मीही तेच केलं असतं.

तरी चौथ्या दिवशी माझा मोठा तापलाच! रात्री पुन्हा दोनच वाजलेले, मी सवयीने टॉर्च घेऊन उठले तर स्वयंपाकघरात दिवा चालू, सासूबाई फ्रीजसमोर उभ्या, चष्मा लावून कागद वाचतायत. मला म्हणाल्या, "इथे लिहिलंय तेवढेच मिली ना? वजन अठराच लिहिलंय." सिरिंज त्यांनी आधीच धुवून ठेवली होती. दोन दिवसांत बरा झाला, धाकटीला नुसतं नाक आलं. टोपीचा विषय निघाला नाही असं नाही, निघाला, पण यंदा मी टोपी घातली.

बाळाच्या तळव्यांचे इतके पापे झालेत की आता कुणी आलं की आपणहून पाय वर करते.

निघताना मी फ्रीजवरचा कागद काढायला गेले तर सासूबाई म्हणाल्या राहू दे. त्याच्याखाली त्यांनी पेन्सिलीने स्वतःच्या बीपीच्या आणि सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवल्यात.